मेमरी फुल, बद्रीनाथ बाकी

पाथरीहून चारधामला निघालेल्या माणसाच्या पिशवीत दशम्या असतात, धपाटे असतात, शेंगदाण्याची चटणी असते, गुडघ्याला चोळायचं तेल असतं आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सची गड्डी असते. लॅपटॉप नसतो. घरातला लॅपटॉप पुण्यात शिकणाऱ्या पोराकडे असतो, नाहीतर मुळात तो झेरॉक्सच्या दुकानातच बघितलेला असतो. पोर आणि दुकानदार, दोघांनाही यात्रेला यायला सवड नसते. कॅमेरा मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि परभणीला सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसल्याबरोबर तो कामाला लागतो.

नांदेड ते अमृतसर धावणाऱ्या या गाडीत वाटेवरच्या स्टेशनांत लंगरचा प्रसाद मिळतो. त्यामुळे पहिले फोटो प्रसादाचे. मग कोण कुठल्या बर्थवर कसं झोपलं, याचे. हरिद्वारला हर की पौडीवरची आरती पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत व्हिडिओत. यमुनोत्रीच्या वाटेवर खेचरावर बसलेल्या अक्का समोरून, मागून आणि ऐन वेळी खेचर वळल्यामुळे आडव्यासुद्धा. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि शेवटी बद्रीनाथ, असा चारधामचा क्रम ठरलेला आहे. फोनचाही ठरलेला आहे. तो केदारनाथला भरतो.

गौरीकुंडापासून १६ किलोमीटर चढून यावं, साडेतीन हजार मीटरच्या वर श्वास पुरत नसावा, ढग बाजूला होऊन शिखर दिसावं, फोन उचलावा आणि फोननं सांगावं की आता जागा नाही. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेत नाही. तो गॅलरी उघडतो आणि डिलीट मारत सुटतो.

या डिलीट मारण्यालाही एक रीत आहे. पहिला बळी ‘सुप्रभात’चा. गुलाब, वाफाळता चहा, उगवता सूर्य, सगळे एका दमात जातात. कुणी डोळ्यातून टिपूस काढत नाही. मग लग्नांचा नंबर. लांबच्या पाहुण्यांची लग्नं आधी, भावकीतली नंतर, व्याह्यांचे फोटो मात्र बायकोला विचारून. खरा घात होतो तो यानंतर. पाथरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये सोयाबीनचे फोटो असतात. वावरात पाणी साचलेलं, शेंगांना मोड आलेले. पीक विम्यासाठी नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायच्या नियमानं शेतकऱ्याला आधी फोटो काढायची आणि मग कपाळाला हात लावायची सवय लावली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आल्यावर तर पेऱ्याची नोंदही फोनमधूनच होऊ लागली. शिवाय सातबारा, बँकेचं पासबुक, खताच्या दुकानाची पावती, सगळ्यांचे फोटो त्याच गॅलरीत. देवाच्या दारात उभं राहून थरथरत्या अंगठ्यानं ही गॅलरी साफ करायची, म्हणजे एका शिखरापायी अख्खा हंगाम पुसला जायची भीती.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जाणता असतो. तो म्हणतो, “मामा, कामून टेन्शन घेता? फोटो घरी व्हॉट्सॲपला टाका अन् इथून उडवा.” मामा टाकतात. पाथरीत सून अंगठा दाखवते, बहीण हात जोडते, आणि फोटो पोचला म्हणून मामा मूळचा उडवतात. पोचलेला असतो तो फोटोचा वाळवण घातलेला अवतार. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. चार एमबीचा फोटो काही शे केबीवर येतो. तो कधी आणि कुठं काढला ही त्याच्या पोटातली नोंदही वाटेत गळते. मोबाइलवर हे कळत नाही. कळतं ते परत आल्यावर, स्टुडिओवाल्याला “बैठकीत लावायला मोठा करून द्या” म्हटल्यावर. त्या मोठ्या फोटोत केदारनाथ ओळखू येतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. पुढं उभे असलेले मामा ओळखू येत नाहीत.

यावर उपाय त्याच ॲपमध्ये आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की एक बिंदूही न गाळता जसाच्या तसा जातो, आणि २०२२ पासून अशी एक फाइल २ जीबीपर्यंतची चालते. फक्त मग सुनेचा फोन भरतो. तिच्या फोनमध्ये पोराच्या शाळेचा अभ्यास असतो, आणि यात्रेहून आल्यावर जेवायचं तिच्याच हातचं असतं. बॅकअप घेताना घरातल्या राजकारणाचा विचार कुठल्याही माहितीपुस्तिकेत केलेला नाही, ही त्या पुस्तिकांमधली मोठी उणीव आहे.

मग आकाशातलं कोठार, म्हणजे क्लाउड. ‘गूगल फोटोज’वर पूर्वी जरा आकसलेले फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. १ जून २०२१ ला ती चैन संपली. आता १५ जीबी मिळतात, तेही ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच हिश्शातून जातो. एकत्र कुटुंबात चौथा भाऊ राहायला आला की जे होतं, तेच होतं. त्यातून जागा असली तरी फोटो वर चढवायचे कसे? चांगल्या फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा. देवदर्शनाच्या दिवसाला चारशे फोटो काही जास्त नाहीत. झाले दीड जीबी. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवाल्यानं ते चढवायचे ठरवले तर त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल नाही, कीर्तन नाही, काही नाही. आणि हे झालं मैदानी हिशेबाचं. डोंगरात रेंजची एक दांडी दिसते आणि ती दिसली याचाही फोटो काढावासा वाटतो. म्हणून बहुतेकांच्या फोनमध्ये ‘फक्त वायफायवर बॅकअप’ असं सेटिंग असतं. वायफाय हरिद्वारच्या लॉजवर असतं, पण त्याचा पासवर्ड मॅनेजरला माहीत असतो, आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो.

आता एक गोष्ट गंभीरपणे. फोटो क्लाउडवर चढले, म्हणून गूगल फोटोजमध्येच ते निवडून कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं, तर ते फोनमधूनही जातात आणि वरूनही जातात. फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त वर पोचलेले फोटो फोनमधून काढतो, वरच्यांना हात लावत नाही. चुकून डब्यात गेलेले, पण वर चढलेले फोटो ६० दिवस तिथं पडून असतात. यात्रेहून येऊन, मावंदं घालून, पाहुणे वाटेला लावून, मग सावकाश फोटो बघायला बसणाऱ्याचे साठ दिवस कधी उलटतात ते कळतही नाही.

या सगळ्यात शहाणे निघतात ते गुरुजी. पाथरीच्या कुठल्याही गल्लीत भेटतील असे निवृत्त, स्वभावानं संशयी, आयुष्यभर हजेरीपट दोन प्रतींत लिहिलेले. त्यांच्याकडे दुतोंडी पेनड्राइव्ह असतो: एक तोंड कॉम्प्युटरचं, दुसरं फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारं. रात्री धर्मशाळेत बाकीचे गुडघे चोळत असतात तेव्हा गुरुजी चष्मा पुसून बसतात. पेनड्राइव्ह लावतात. काही फोनांत आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘ओटीजी’ सुरू करावं लागतं, आणि जरा वेळ गेला की ते आपोआप बंदही होतं. गुरुजींना हे पाठ आहे. ते ‘फाइल्स’ उघडतात, कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये एका फोटोवर बोट दाबून धरतात, बाकीच्यांवर खुणा करत जातात. शेवटी फोन दोन रस्ते दाखवतो: ‘हलवा’ आणि ‘कॉपी करा’. इथं गुरुजी थांबतात, ओठ हलवत दोन्ही शब्द वाचतात आणि ‘कॉपी’ दाबतात. हलवताना मध्येच वीज गेली, पेनड्राइव्ह हलला किंवा शेजारच्यानं “बघू बघू” म्हणत फोन ओढला, तर फोटो ना इकडचा ना तिकडचा व्हायची धास्ती. कॉपीत मूळचा जागेवर राहतो.

काम झालं तरी गुरुजी लगेच उपसत नाहीत. पेनड्राइव्हमध्ये शिरून पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघतात. नुसतं नाव दिसलं म्हणजे फोटो आला असं नाही, हे पटावरच्या आणि वर्गातल्या पोरांच्या संख्येतला फरक पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग ‘इजेक्ट’, मग टोपण.

त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे मामा नवा पेनड्राइव्ह घेऊन येतात. त्यांचा गंगाआरतीचा व्हिडिओ काही केल्या आत जात नाही. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह, अख्खा रिकामा, तरी फोन म्हणतो फाइल फार मोठी. लहान पेनड्राइव्ह बहुतेक ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीनं आखलेले येतात, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही; बाकी खोली कितीही रिकामी असो. ‘एक्सफॅट’ पद्धतीनं फॉरमॅट केलं की प्रश्न मिटतो. मात्र फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून हे घरीच उरकावं. आयफोनवाल्यांनाही २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘फाइल्स’मध्ये बाहेरचा ड्राइव्ह दिसतो, आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून भोकही सगळ्यांसारखं झालं आहे. त्याआधीच्या मॉडेलवाल्यांना वेगळं तोंड लागतं.

गळ्यात मोठा कॅमेरा असलेल्यांची गोष्ट थोडक्यात: जादा मेमरी कार्ड घ्या, भरलेलं कार्ड वाटेत फॉरमॅट करू नका, आणि कॅमेऱ्यातून वायफायवर फोनमध्ये आपोआप येणारे फोटो काही कॅमेऱ्यांत दोन मेगापिक्सेलचेच येतात, हे बघून घ्या.

पण गुरुजींचंही एक चुकतं. पेनड्राइव्ह ते ज्या पिशवीच्या कप्प्यात ठेवतात, फोनही तिथंच ठेवतात. पिशवी गेली की प्रतीसकट मूळही गेलं. ही चूक मराठवाड्याला नवी नाही, आणि ती फार मोठ्या माणसांनी केलेली आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला धाडलं. त्यानं दोन दशकं तिथं काढली, मोठमोठे कॅनव्हास रंगवून लंडनला पाठवले. ते सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. १८६६ च्या आगीत मोजके वगळता सगळे जळाले. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. तेरा वर्षं खपले. त्या प्रतीही लंडनलाच गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यातल्या कितीतरी खाक झाल्या. अजिंठ्याच्या ओल्या, वटवाघळांच्या लेण्यांतली मूळ चित्रं मात्र जमेल तशी भिंतीवर टिकून होती. दोनदा बॅकअप घेतला, दोन्हीदा एकाच शहरात ठेवला.

अमेरिकेतले छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी ३-२-१ असा नेम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. अक्कांना हा नेम कुणी शिकवलेला नाही, पण यात्रेचे पैसे त्या याच हिशेबानं बाळगतात. थोडे कनवटीला, थोडे पिशवीच्या तळाशी, आणि थोडे शेजारणीकडे, जिच्याशी परभणी सोडल्यापासून खिडकीवरून भांडण चालू आहे. फोटोंचंही तेच करायचं: फोनमध्ये एक, पेनड्राइव्हवर एक, आणि हा पेनड्राइव्ह आपल्या पिशवीत न ठेवता दुसऱ्या डब्यातल्या पाहुण्याकडे. वायफाय मिळालं तर निवडक पन्नास फोटो क्लाउडवर. सगळे चारशे नकोत. खेचराची मागची बाजू एका प्रतीत राहिली तरी चालते.

पुराव्यावाचून काय होतं, हे पाथरीला नव्यानं सांगायला नको. सोळाव्या शतकात या गावावरून निजामशाही आणि इमादशाही लढली, आणि इतिहासकार फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे कारण हे, की निजामशहाचे पूर्वज इथले कुलकर्णी. पुढं पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान की नाही, या वादावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डी बंद राहिली, आणि मुंबईतल्या मंत्रालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. दोन्ही वेळी कुणाच्याही खिशात तारीख-ठिकाणासकट एक फोटो नव्हता.

काही देवांनी मात्र हा प्रश्न मुळातच मिटवला आहे. तिरुपतीला मोबाइल आत नेता येत नाही. केदारनाथच्या मंदिर परिसरातही समितीनं जुलै २०२३ मध्ये फोटो-व्हिडिओला मनाई केली. जे काढताच येत नाही त्याचा बॅकअप लागत नाही, एवढी तरी सोय झाली.

तेव्हा निघायच्या आठ दिवस आधी, रोज पाणी भरायच्या गडबडीतून अर्धा तास काढून, तीन कामं घरी करून बघा. पिकाचे आणि कागदपत्रांचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह एक्सफॅट करून त्यावर दहा फोटो चढवा आणि परत उघडून बघा. आणि पुण्याच्या पोराला दिवाळीला येताना लॅपटॉप घेऊन यायला सांगा. तोपर्यंत फोनमधला बद्रीनाथ पुसू नका.