चाकाचं वजन किती?

जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा, विजापूर रोड म्हणा, प्रत्येक कॉलनीत एक अण्णा असतातच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी संपलेली किंवा लूम पोराच्या हवाली केलेले, पोट पुढे आणि रक्ताचा रिपोर्ट खिशात. रिपोर्टात साखर निघालेली असते. डॉक्टर सांगतात, "आठवड्याला 150 मिनिटं तरी व्यायाम हवा. चालत जा." अण्णा 150 हा आकडा लक्षात ठेवतात आणि चालायचं तेवढं विसरतात.

चालायला त्यांची तत्त्वतः हरकत नसते. पण सिद्धेश्वर तलावाकडे जावं तर वाटेत ओळखीचे भेटतात आणि चहा होतो. पहाटे निघावं तर कुत्री मागे लागतात. उशिरा निघावं तर ऊन, आणि सोलापूरचं ऊन मार्च लागला की घड्याळ बघत नाही. इतकं सांगूनही समोरचा ऐकेना, तर शेवटी गुडघा. हाच गुडघा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला ठणठणीत असतो. पांढरी बाराबंदी घालून अण्णा नंदीध्वजांच्या मागे 68 लिंगांच्या वाटेनं दिवसभर चालतात, वर घरी येऊन बाकीच्यांचे पाय कसे दुखले ते सांगतात. यात्रा सरली की गुडघा परत धरतो, आणि घरात व्यायामाची सायकल आणायचा विषय निघतो.

आता विषय निघाला म्हणजे सायकल आली, असं कुणी समजू नये. अण्णांच्या वडिलांनी सायकल घेतली तेव्हा तिची कंपनी कोणती, एवढाच प्रश्न होता. मिलचा भोंगा झाला की तिच्यावर टांग टाकून ते पाळीला जायचे. अण्णांना मात्र कुठंच न जाणारी सायकल घ्यायची आहे, त्यामुळे विचार जास्त करावा लागतो. बँकेची जुनी डायरी निघते. तिच्यात रकाने पडतात: साधी उभी, पाठ टेकून बसायची, पुढे वाकून हाणायची जिमवाली, आणि पायांबरोबर हातही हलवणारी. पाठ टेकायच्या सायकलीवर अण्णांचा जीव जडतो. कंबरेला आणि गुडघ्याला ती खरोखरच सोपी पडते. पण ती दिवाणाएवढी जागा अडवते, आणि दिवाणावर आधीच अण्णा असतात.

नव्या पेठेतल्या दुकानदाराला अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: "चाकाचं वजन किती?" चाक जड तितकं पायडल एकसारखं फिरतं, धक्के बसत नाहीत, हे त्यांनी वाचलेलं असतं आणि ते खरंही आहे. मग ब्रेकचा विषय. स्वस्तातल्या सायकलीत चाकाला नमद्याचा पट्टा घासतो. तो झिजतो, कुरकुरतो, बदलावा लागतो. महागातल्या सायकलीत चुंबक चाकाला न शिवता पायावर जोर आणतो. नमदा हातात घेऊन अण्णा बोटांनी चोळतात. कापडाच्या गावात जन्म गेला, त्याची परीक्षा त्यांना शिकवावी लागत नाही. "हा सहा महिने," असा निकाल देऊन ते चुंबकाकडे वळतात.

"अजिबात आवाज नाही बघा अण्णा," दुकानदार सांगतो, आणि तिथंच त्याचं चुकतं. सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमच्या खडखडाटात ज्यांची झोप लागायची, त्यांच्या हिशेबी आवाज नाही म्हणजे मशीन बंद आहे. अण्णा खाली वाकून चाकाला कान लावतात.

पुढची तपासणी आसनाची. पायडल तळाला गेलं की गुडघ्याला थोडा बाक राहिला पाहिजे, ही गोष्ट सायकल विकणारे सहसा सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत, अण्णा विचारतात. सायकल किती किलोचा माणूस पेलते, हे मात्र ते मित्रासाठी म्हणून विचारतात. वजनाच्या काट्यावर शेवटचे कधी चढलात, असं सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी तिथल्या तिथं विचारलं की अण्णा ऐतिहासिक माहितीकडे वळतात.

"1912 साली टायटॅनिकच्या व्यायामशाळेत होती ही सायकल. माहितीय?"

"म्हणून बुडाली," काकू म्हणतात.

काकूंना सायकलीचं वावडं नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की ज्या बाईनं आयुष्यभर बादल्या गच्चीवर नेल्या, तिला घाम विकत घ्यायचा म्हणजे जरा नवल वाटतं, इतकंच. घेतलेल्या सायकलीवर पुढे कपडे वाळतात, हा विनोदही काकूंना पटत नाही. तो पुण्या-मुंबईचा विनोद. इथं गच्चीवर टाकलेला टॉवेल खाली उतरेपर्यंत कडक होतो, सायकलीवर कोण वाळवेल?

सगळ्या दुकानांत बसून बघितलेली मिनिटं अण्णांनी 150 मध्ये धरलेली असतात. पडद्यावरच्या कॅलरीही धरतात. त्यातले पुष्कळ पडदे माणसाचं वजन न विचारताच कॅलरी सांगून मोकळे होतात. पण अण्णा त्या आकड्याच्या भरवशावर कडक भाकरीवर शेंगाचटणीचा आणखी एक चमचा घेतात, वर तेलाची धार. मूठभर शेंगदाण्यातच दीडशेच्या वर कॅलरी असतात, हे डायरीत नाही.

"काय करलालास बे? घेतलास का नाही?" मित्र विचारतो.

"घेतो की बे. दिवाळीला नवीन मॉडेल येतंय."

दिवाळी येते, मॉडेल येतं, अण्णांची सायकल काही येत नाही. शेजाऱ्यांकडे मात्र येते. एवढा अभ्यास कॉलनीत वाया कसा जाईल? एकानं अण्णांना विचारून घेतली, मग त्याच्या मेव्हण्यानं, मग कोपऱ्यावरच्या मास्तरांनी. आपण निवडलेल्या सायकली अण्णा वाऱ्यावर सोडत नाहीत. रोज सकाळी ते पाना घेऊन निघतात. या घरी आसन वर करायचं, त्या घरी नट आवळायचा, मास्तरांच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन चाकाला कान लावायचा. लिफ्ट बंद असते. या फेरीत ऊन लागत नाही, कुत्री ओळखीची झालेली असतात, आणि गुडघ्याचं नाव निघत नाही.

अण्णांची साखर उतरली आहे. श्रेय ते चुंबकाला देतात.

तेव्हा सायकल घ्यायचीच असेल तर चुंबकाची घ्या, आसनाची उंची नीट लावून घ्या, आणि एकदा अण्णांना घरी बोलवा. चहा बिनसाखरेचा द्या. ते साखरेचा मागतील, देऊ नका.