रत्न निघालं हो आपल्या गल्लीत!

अहो वहिनी, ते कपडे राहू द्या दोन मिनिटं, इकडे कुंपणापाशी या. खंडोबामाळाच्या चौकातला फ्लेक्स बघितलात का? काल रात्रीत लागलाय. आपले कोपऱ्यावरचे काका! डोळ्यांवर गॉगल, अंगावर शाल, हात जोडलेले, आणि डोक्यावर हे एवढ्या अक्षरांत ‘समाजरत्न’. खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली झाडून सगळी पोरं. आमचा नातूसुद्धा आहे त्यात. त्याला कुणी विचारलं नाही ते सोडा, फोटो दुसरीतला लावलाय. पोरगा यंदा बारावीला आहे!

आणि हे काहीच नाही. आज सकाळी पेंटर आला होता. गेटवरच्या पाटीवर नावाच्या आधी ‘समाजरत्न’ घालायचं होतं, जागा पुरेना. मग काय पुसलं असेल, सांगा बरं? काकूंचं नाव! ती माउली पायरीवर उभी, हातात दुधाचं पातेलं, आणि समोर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तिचं नाव पुसलं जातंय. एक अक्षर बोलली नाही. मी असते तर पेंटरसकट शिडी खाली घेतली असती.

दिलं कुणी म्हणता? कुठलीशी अखिल भारतीय संस्था. नाव एवढं लांब की एका दमात म्हणता येत नाही. अध्यक्ष नवरा, सचिव बायको, खजिनदार मेहुणा. हॉल घ्यायचा, एका दुपारी ढिगानं रत्नं काढायची. आधी ‘नोंदणी शुल्क’ भरायचं, मग फेटा, शाल, स्मृतिचिन्ह, फोटो, सगळं त्यातच. किती भरले ते नाही सांगणार, काकूंनी शपथ घातलीय. चार आकड्यांत मावत नाहीत, एवढंच म्हणते.

हो ना, संस्थाच पोकळ, मग रत्न कसलं, असंच सगळी गल्ली म्हणतेय. पण वहिनी, इथं माझं जरा वेगळं आहे. देणारा पोकळ म्हणून पदवी पोकळ, असं मी नाही म्हणणार. माझं माहेर सेनापती कापशीच्या बाजूचं, कागल तालुक्यातलं. गावाच्या नावातच पद आहे बघा. संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं गाव. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी तुळापूरची गोष्ट ऐकतात.

तुळापूर म्हणजे आपलंच की, आळंदीच्या पुढं, भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचं. १६८९ चं साल. मार्चमध्ये औरंगजेबानं संभाजीराजांना मारलं. रायगडाला वेढा पडलेला. राजाराममहाराज कसेबसे निसटलेले. म्हणजे राज्य असं उरलंच कुठं होतं? आणि अशात संताजी, त्यांचे भाऊ बहिर्जी आणि मालोजी, शिवाय विठोजी चव्हाण, हे थेट बादशहाच्या छावणीत घुसले. बखरी सांगतात, तंबूचे तणावे कापले, शाही डेरा खाली आणला आणि वरचे सोन्याचे कळस घेऊन सिंहगड गाठला. बादशहा म्हणे त्या रात्री लेकीच्या तंबूत होता म्हणून वाचला.

आता या लोकांना द्यायचं काय? खजिना रिकामा, मुलूख मोगलांकडे. मग दिल्या पदव्या. संताजींना ममलकतमदार, बहिर्जींना हिंदूराव, मालोजींना अमीर-उल-उमराव, विठोजींना हिम्मतबहादूर. देणारं राज्य जवळजवळ कागदावरचं, पण घेणारे पक्के. त्या चौघांनी आणि त्यांच्यासारख्यांनी पुढं ते राज्य कागदावरून जमिनीवर उतरवलं.

कागदाचीच गंमत सांगते. राजाराममहाराज जिंजीला गेले, तिकडं तमिळ मुलखात. तिथून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होनांचा सरंजाम लिहून दिला. पण हप्त्यानं! रायगड घेतलात की इतका, विजापूर घेतलंत की इतका, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि शेवटचा हिस्सा दिल्ली जिंकल्यावर. स्वतः राजा किल्ल्यात कोंडलेला, आणि इनामाच्या कागदावर दिल्ली! आमच्या ह्यांना ही गोष्ट फार आवडते. म्हणतात, कंपनीनं आम्हाला दिवाळीचा बोनस असा लिहून दिला असता तर गेटवर घोषणा झाल्या असत्या.

हसू नका. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटल आहे ना, ते नाव एका मराठी माणसाचं. तो मात्र घोरपड्यांचा नव्हे, घाटग्यांचा हिंदूराव, आमच्या कागलचाच. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. दिल्लीच्या टेकडीवर त्याचं घर होतं, सत्तावनच्या बंडात तिथं मोठी लढाई झाली, आता तिथं दवाखाना आहे.

आणि तुम्ही नागपूरच्या, तुम्हाला तर पदवीचं सांगायलाच नको. तुमच्या भोसल्यांचं ‘सेनासाहेब सुभा’ कसं आलं ठाऊक आहे? १७०७ मध्ये औरंगजेब गेला, शाहूमहाराज कैदेतून सुटून आले. इकडे ताराबाईंची माणसं म्हणायला लागली, हा खरा शाहू कशावरून, तोतया असेल. म्हणजे पुन्हा तेच, राजा खरा की खोटा इथपासून सुरुवात! तेव्हा परसोजी भोसले म्हणे शाहूंच्या ताटात जेवायला बसले. एका ताटात जेवले म्हटल्यावर कोण काय बोलणार? पुढं आपल्या चाकणच्या वरच्या खेडला, राजगुरुनगर म्हणतो ना आपण, तिथं लढाई झाली. धनाजी जाधव ताराबाईंकडून आले होते, ते शाहूंना मिळाले. परसोजींना सेनासाहेब सुभा मिळालं आणि त्यावर नागपूरकरांनी किती पिढ्या काढल्या! रोज त्याच रस्त्यानं तुमचा मुलगा चाकणला कामाला जातो, विचारा त्याला माहीत आहे का.

पण पदवी माणसाला तारते असं मात्र नाही हं. ती नाव खाते आधी. कुडतोजी गुजर म्हटलं तर कुणाला कळेल? प्रतापराव म्हटलं की नेसरी आठवते. हंसाजी मोहिते कोण? हंबीरराव! आणि संताजी, एवढे मोठे सेनापती, त्यांचं सेनापतिपदच काढून घेतलं, आणि १६९७ मध्ये नागोजी मान्यानं त्यांना मारलं. मोगलानं नव्हे, आपल्याच माणसानं. त्यामुळं आमच्या कापशीकडं पदवीचा अभिमान आहे, पण भाबडेपणा नाही.

आमचे मामंजी तर त्याही पुढचे. ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये होते. आकुर्डीहून लोकलनं जायचे, दापोडी गेलं की उठून दारात उभे राहायचे, खडकी पळून जाईल जशी. घरात कुणी मोठेपणा सांगायला लागलं की एकच नाव घ्यायचे, राणे. रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, सॅपर्सचेच. एप्रिल १९४८, नौशेऱ्याहून राजौरीला जायचा रस्ता. शत्रूनं सुरुंग पेरलेले, झाडं पाडून वाट अडवलेली, वरून गोळीबार. मांडीला जखम झालेली, तरी हे पुढं. आपल्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, रणगाड्याबरोबर सरपटत गेले, आणि दोरी ओढून वरच्या चालकाला खूण करायचे, थांब, चल, थांब. असे सुरुंग काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. गेले १९९४ मध्ये, इथंच पुण्यात. मामंजी म्हणायचे, त्या माणसाची पाटी वाचायला दारापर्यंत जावं लागत नाही.

आणि ते परमवीर चक्र तरी कुणी काढलं? एका बाईनं! मराठी घरातल्या सुनेनं! सावित्रीबाई खानोलकर. जन्मल्या स्वित्झर्लंडमध्ये, वडील हंगेरियन, आई रशियन, माहेरचं नाव इव्ह. विक्रम खानोलकर सैन्यात अधिकारी, तिकडं भेट झाली, वडिलांचा विरोध असताना पोरगी इकडं आली आणि १९३२ मध्ये लग्न केलं. मग मराठी शिकली, संस्कृत शिकली, पुराणं वाचली, पुढं महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तकसुद्धा लिहिलं. आपल्याकडच्या किती सुनांनी आणि किती सासवांनी वाचलीत हो पुराणं?

स्वातंत्र्यानंतर आपली स्वतःची शौर्यपदकं हवी होती, तर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम सावित्रीबाईंकडं दिलं. त्यांनी दधीचीची कथा घेतली. त्या ऋषीनं आपली हाडं दिली, त्याचं इंद्राचं वज्र झालं. म्हणून पदकावर चार वज्रं, मधे राजमुद्रा. धातू कुठला? सोनं नाही, चांदी नाही, साधं कांसं. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडं मोठं आणि वर जांभळी फीत. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, ही चित्रंही त्यांचीच. आणि बघा कसं असतं, पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ ला पडले ते. त्यांच्या धाकट्या भावाची बायको म्हणजे सावित्रीबाईंची थोरली लेक! जी आकृती मन लावून काढली, ती पहिल्यांदा आपल्याच व्याह्यांच्या दारात गेली, आणि ती घ्यायला मुलगा नव्हता. १९५२ मध्ये सावित्रीबाईंचे पतीही गेले. त्या रामकृष्ण मठाच्या कामात रमल्या. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे सांगा.

काय? ‘समाजरत्न’ कायद्यात बसतं का? हे बरं विचारलंत. ह्यांनी सकाळी चहा घेता घेता तेच सांगितलं. घटनेचं अठरावं कलम आहे, सरकारनं किताब द्यायचे नाहीत, फक्त लष्करी आणि शिक्षणातले सोडून. रावसाहेब, रावबहादूर, ते सगळं तिथं संपलं. मग भारतरत्न आणि पद्म कसे, म्हणून कुणी कोर्टात गेलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे सन्मान आहेत, किताब नाहीत, म्हणून चालतील. पण नावाच्या पुढं-मागं लावायचे नाहीत. ऐकलंत? भीमसेन जोशींना, लताबाईंना जे नावाला लावायची मुभा नव्हती, ते आमच्या काकांच्या गेटवर ऑइलपेंटमध्ये! संस्था खासगी आहे, त्यामुळं पोलीस येणार नाहीत. पण लाज नावाचं काही असतं की नाही?

आता ह्यांचा राग कशावर आहे ते सांगू? फ्लेक्सवर नाही. राग याचा, की आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात खरी बिरुदावली वेगळीच आहे आणि ती कुणाला दिसत नाही. केंद्र सरकारचे श्रम पुरस्कार बघा, श्रमरत्न सर्वांत वर, मग श्रमभूषण, मग श्रमवीर नाहीतर श्रमवीरांगना, मग श्रमश्री आणि श्रमदेवी. एखाद्या दरबारासारखी उतरंड, फक्त तलवारीच्या जागी पाना आणि व्हर्निअर. राज्याच्या कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार वेगळा. तिथं नोंदणी शुल्क भरून भागत नाही. हजेरी बघतात, काम बघतात, कामाबाहेर चार माणसांसाठी काय केलंस ते बघतात. ह्यांच्या शॉपमधल्या एकाला गुणवंत कामगार मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो वेळेवर मशीनवर. चहाला पेढे वाटले, आणि लगेच जॉब लावला. हे म्हणतात, आम्हाला तेव्हा वाटलं होतं आपल्या लाइनला कुणीतरी सरदार आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, वहिनी. देणारा मोठा की छोटा हे बघू नका. आधी काम, मग पदवी, हा क्रम आहे का ते बघा. संताजींनी कळस आधी आणला. परसोजी आधी जेवले. राणे आधी रणगाड्याखाली गेले. काकांचं काम दाखवा, मी स्वतः फ्लेक्सखाली उभी राहून फोटो काढते.

हां, लॉकडाऊनचे डबे. फ्लेक्सवर लिहिलंय तेच, ‘कोरोनायोद्धा, गरजूंना अन्नदान’. खरं आहे, डबे गेले. एमआयडीसीतल्या परगावच्या पोरांच्या खोल्यांवर रोज गेले. पण ते केले कुणी? काकूंनी! पहाटे उठून कणीक तिंबायच्या, मी सांडग्यांचा डबा नेऊन दिलाय ना, बघितलंय डोळ्यांनी. काका स्कूटरवर पोहोचवायचे, तेही खरं, त्यांचा वाटा नाकारत नाही. आणि तुकोबांची पालखी आपल्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्या दिवशी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी कुणाच्या ओट्यावरून जाते? त्याच बाईच्या. तिला विचारा, पुरस्कार घेणार का, तर म्हणेल आधी परातीला कल्हई करून द्या.

म्हणून मी ठरवलंय. काकांच्या सत्काराची वर्गणी मागायला पोरं येणारच, देऊन टाकू, पोरांचा हिरमोड नको. पण त्याच्या आधी आपण बायकांनी काकूंचा सत्कार करायचा. अहो, संस्था कसली, अध्यक्ष कसला, तुम्ही, मी, समोरच्या सरपोतदारीण आजी आणि वरच्या मजल्यावरची ती बँकेतली, एवढं पुरे. नारळ तुमच्याकडून. शाल माझ्याकडची, ह्यांच्या निवृत्तीत आलेल्या पाच पडल्यात कपाटात, त्यातली चांगली काढते. कल्हईचे पैसे आपण चौघी वाटून घेऊ. आणि पेंटरचा नंबर घेतलाय मी, नवी पाटी सांगून टाकते, तिच्यावर फक्त काकूंचं नाव.

काकांना बोलवायचं का? अहो, बोलवायलाच हवं. खुर्च्या कोण लावणार मग?