रूट सर

पारगाव म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठलं? जुन्नर तालुक्यात पारगाव आहे, आंबेगावातही आहे. हे आंबेगावातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं.

इथल्या रूट सरांबद्दल नवख्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. एसटीतून रिटायर झालेले असणार, असं समजून तो त्यांना मंचरच्या गाडीची वेळ विचारतो. सर वेळ सांगत नाहीत. 'व्हेइकल' हा शब्द लॅटिन 'वेहेरे'वरून आला, वेहेरे म्हणजे वाहून नेणे, आणि ते आपल्या संस्कृत 'वह्'चं सख्खं भावंड, हे सांगतात. एवढं ऐकून होईतो गाडी गेलेली असते.

सर इंग्रजीचे मास्तर होते; त्यांचा रूट गाडीचा नव्हे, शब्दाचा, म्हणजे मूळ. नॉर्मन लुईसचं 1949 सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' हीच त्यांची पोथी, पार खिळखिळी झालेली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स 1786 साली कलकत्त्यात म्हणाला. सर ते कालच्या ग्रामसभेत ठराव झाल्यासारखं सांगतात. त्यातून जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा शिलालेख आहे. यवन म्हणजे ग्रीक, याबद्दल सरांना तिळमात्र शंका नाही, तेव्हा ग्रीक मंडळी ही शेजारच्या तालुक्याची सोयरीच झाली.

मुळावरून शब्द शिकवायची ही पद्धत वाईट नाही, हे मान्य केलं पाहिजे. 'बेने' म्हणजे चांगलं, एवढं एकदा डोक्यात बसलं की पोरं 'बेनिफिट'पासून 'बेनेव्होलंट'पर्यंत न अडखळता जातात. 'शुगर' ही मूळची आपली शर्करा, फारसी-अरबी फिरून इंग्रजीत गेलेली, हे ऐकून तर कारखान्याचे सभासद खूश होतात. पंचाईत होते ती सर थांबत नाहीत म्हणून. 'अनियन' आणि 'युनियन' दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला 'एक' आहे, हे त्यांनी भाव पडलेल्या दिवशी कांदावाल्यांना सांगितलं. टोमॅटो मेक्सिकोतल्या भाषेतला, ना ग्रीक ना लॅटिन, म्हणून भाजीतला टोमॅटो ते ताटाच्या कडेला काढून ठेवतात. विज्ञानदिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेले. पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या. सरांनी तिथल्या तरुण शास्त्रज्ञाला बाजूला घेतलं. "टेले म्हणजे दूर, स्कोप म्हणजे बघणं. तुमची ही बघते कुठं? ऐकते. दूर अधिक आवाज, याला टेलिफोन म्हणा."

कारखान्याच्या गेटसमोर चहा पिताना एकदा एका अण्णांनी बिनसाखरेचा सांगितला. सर सरसावले.

"डायबेटिस! डाया म्हणजे आरपार, बायनेन म्हणजे जाणं. प्यालेलं पाणी आत थांबतच नाही, सरळ बाहेर, हे ग्रीक वैद्यांनी ताडलं. पाइपच म्हणा ना. इकडून ओतलं की तिकडून..."

अण्णांनी कप खाली ठेवला. "सर, बाकीचं आल्यावर सांगा," म्हणाले आणि घाईघाईने शेडमागे गेले.

मागच्या तोडणीच्या हंगामात सरांच्या घरामागच्या उसात बिबट्या दिसला. पोरांनी फटाके लावले, कुणी डबे बडवले, वनखात्याची जीप आली. सर बॅटरी घेऊन थेट बांधावर.

"लेपर्ड! लिओ म्हणजे सिंह, पार्ड म्हणजे वाघाच्या जातीचं ठिपकेवालं जनावर. जुन्या लोकांना वाटायचं, हा त्या दोघांचा संकर. म्हणजे शब्द मुळातच चुकीचा!"

"सर, आत व्हा," वनरक्षक म्हणाला.

"अहो, पण नाव चुकलंय त्याचं."

"त्याला माहीत नाही ना सर. आत व्हा."

सर आत गेले. दार लावलं. मग खिडकी किलकिली झाली आणि आतून आवाज आला, "ते जीपमध्ये इंजेक्शन आहे ना तुमचं? इन म्हणजे आत, याकेरे म्हणजे फेकणं..."