फक्त क्षितिज तेवढं सरळ कर

काय चाललंय काय या शिरूर-दौंडात? काल-परवापर्यंत इथला माणूस आभाळाकडे बघायचा तो पाऊस कधी पडतोय एवढ्यासाठी. आता बघतो तो ‘लाइट’ कसा आहे म्हणून! पहाटेचा गजर लावून उठायचं, कशाला? धारा काढायला? छे, गोल्डन अवर चुकू नये म्हणून. बिबट्याच्या धाकाने उसाला पाणी धरायला माणसं घोळक्याने जातात, दिवसा वीज द्या म्हणून घसा कोरडा करतात. आणि हा एकटा पठ्ठ्या त्याच उसाच्या कडेला, अंधारात ट्रायपॉड रोवून सूर्याची वाट बघत बसतो. बायको विचारते, कुणासाठी एवढं? आता तिला कोणत्या तोंडाने सांगणार, की फोटोसाठी नाही गं, फोटो बघून चार जण काय म्हणतील त्यासाठी!

हो, फोटो आता नावालाच. खरी चटक लागलीय ती अभिप्रायाची. ‘मोकळेपणाने सांगा हं, राग येणार नाही.’ या वाक्यावर विश्वास ठेवूनही ज्याची मैत्री टिकली, त्याचा घोडनदीच्या पुलावर शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा. मुरलेले गडी असलं काही करत नाहीत. त्यांची रीत ठरलेली. ‘अप्रतिम टिपलंय दादा! फक्त क्षितिज जरा उजवीकडे कललंय. पण मूड काय आलाय!’ आधी साखर, मधे सुई, वर पुन्हा साखर. घेणारा साखर चाटून खातो आणि सुई जपून ठेवतो, पुढच्याच्या फोटोला टोचायला.

आणि नादी लागलेत तरी कोण कोण? रांजणगाव एमआयडीसीतला रात्रपाळी करून आलेला सुपरवायझर, हप्त्यावर घेतलेली हातभर लेन्स गळ्यात अडकवून. दूध संकलन केंद्रावरचा पोरगा. झेडपीच्या शाळेतले गुरुजी. खताच्या दुकानाचे मालक तर गिऱ्हाइकाला कांद्यावरचा करपा सोडून ‘रूल ऑफ थर्ड्स’ समजावताना दिसतात. चित्राचे तीन भाग पाडा, मुख्य गोष्ट मधोमध ठेवू नका, हा तो नियम. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली तो पुस्तकात घातला. त्या बिचाऱ्याला काय कल्पना, की सव्वादोनशे वर्षांनी न्हावरे फाट्यावर युरियाच्या गोण्यांना टेकून कुणी त्याचं नाव न घेता त्याच्या नावावर दरडावणार आहे?

चौफुल्याचंच बघा. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे ठिकाण लावणीच्या कलाकेंद्रांसाठी पंचक्रोशीत नावाजलेलं. माणसं तिथे गाणं ऐकायला थांबायची (अजूनही थांबतात, फक्त घरी सांगत नाहीत). तिथे दाद रोख. आवडलं की खिशातून नोट निघते, नाही आवडलं की खिसा गप्प. आता त्याच रस्त्यावरच्या हॉटेलात चहा गार करत फोटोंची बैठक बसते, आणि दाद निघते ती सगळी उधारीवर. मी तुझ्या सूर्योदयाला ‘जबरदस्त’ म्हणतो, तू माझ्या सूर्यास्ताला म्हण. फिटंफाट!

कुकडीच्या कुंडांवर तर कळस. टाकळी हाजीच्या पुढे नदीचं पात्र, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी काळा बसाल्ट घासून घासून रांजणासारखे खळगे कोरलेत. नदीला त्यासाठी हजारो वर्षं लागली. अभिप्रायवाल्याला किती लागतात? तीन सेकंद. ‘फोरग्राउंड जरा रिकामं वाटतंय.’ रिकामं? अहो, खळगाच तो! लगेच दुसरा विचारतो, ‘पोलरायझर लावला नव्हता का?’ पाण्यावरची चमक मारणारी ही काच ज्याच्याकडे नाही त्याला हल्ली काठावर कुणी उभं करत नाही.

मोराच्या चिंचोलीतली गंमत याहून गोड. मोर पावसाळा सरता सरता पिसारा गाळतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी हौशी मंडळी दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरून येतात, लांडा मोर टिपतात आणि मत मागतात. मिळतंही. ‘छान, पण पिसारा फुलवला असता तर फ्रेम भरली असती.’ कुणी फुलवायचा? त्याने की यांनी?

दौंड ओलांडून भिगवणला गेलं की गुलाबी रंगाचा ताप चढतो. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं पाणी मागे थेट दौंड तालुक्यात शिरलंय, आणि ते ओसरायला लागलं की चिखलात रोहित पक्षी उतरतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. आता खरं सांगू का? उभा असताना हा पक्षी बराचसा पांढुरकाच दिसतो. पंखांतली लाली दिसते ती उडाल्यावर. पिल्लं तर चक्क राखाडी. पण फोटोत? जणू सगळा थवा आदल्या रात्री रंगपंचमी खेळून आलाय! ‘सॅच्युरेशन जरा कमी’ असं कुणी पुटपुटलं की फोटोचा मालक गंभीर चेहऱ्याने सांगतो, ‘नाही हो, त्या दिवशी लाइटच तसा होता.’ सगळं पाप त्या लाइटच्या माथी. मुळा-मुठेने पुण्याची घाण भीमेत आणून ओतली, तिच्यावर जलपर्णी माजली, तर फोटोखाली शेरा काय पडतो? ‘वा, काय हिरवागार गालिचा!’

त्यातल्या त्यात शहाणा अभिप्राय कोण देतं विचाराल, तर कुंभारगावचा नावाडी. मूळचा मासेमार, कॅमेऱ्याचा हप्ता डोक्यावर नाही. बांबू चिखलात रोवून बोट थांबवतो आणि म्हणतो, ‘साहेब, ऊन पाठीवर राहू द्या. उभं नका राहू, थवा उठंल.’ साहेब बसल्या जागी पाच-पंचवीस फोटो मारतात, मागच्या पडद्यावर त्याला दाखवतात. तो मान वाकडी करून बघतो. ‘वरनं काढलाय तुम्ही. खाली वाका की, पाण्याला लागून घ्या.’ साहेब बोटीच्या कडेला पोट टेकून आडवे होतात. फोटो सुधारतो! शहरातल्या कार्यशाळेत पैसे मोजून कळलं नसतं ते बोटीच्या भाड्यात कळलं, वर चिलापीचं ताट आहेच. पण रात्री फोटोखाली श्रेय कुणाला? लेन्सला.

आणि आमचे तात्या. राहूकडचे ऊसवाले. पुतण्याने धुक्यातल्या उसाचा फोटो दाखवला. मागून ऊन, प्रत्येक तुरा चंदेरी पेटलेला. खरंच सुरेख होता, उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवणार नाही. तात्यांनी चष्मा वर सारला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, कोपरान् कोपरा फिरले. म्हणाले, ‘तुरा आलाय. टोळी नाही आली का अजून? दशी पडंल, वजन घटंल. आणि हा डावीकडचा लोळलाय बघ.’ पुतण्याचं तोंड एवढंसं झालं. का बरं? एरवी ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवणारे पन्नास भेटतात. इतकं निरखून त्याचा फोटो आजवर कुणी बघितला होता? तसंच ढगांचं. यांना आभाळ भरून आलं की ‘ड्रामा’ दिसतो, कांदावाल्याला करपा. मत दोघांचंही त्याच आभाळावर.

म्हणू नका हे मोबाइलचं खूळ. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. नारायण दाजींसारखी मंडळी तिच्यात होती. तिथेही कुणीतरी चष्मा पुसत ‘छान आहे, पण...’ म्हणालंच असणार की! आणि हौसेला मोल नसतं असं कोण म्हणतं? उद्धव ठाकऱ्यांनी आभाळातून काढलेले किल्ल्यांचे फोटो २०१० साली ‘महाराष्ट्र देशा’ म्हणून छापले गेले, २०१९ साली ते मुख्यमंत्री झाले. मग आमच्या सोसायटीच्या गटसचिवाने ड्रोनची चौकशी केली तर हसायचं कशाला?

आपण मात्र या सगळ्यांतून सुटलेले, नाही का? आपण फक्त लांबून मजा बघणारे! मग परवा सुप्याच्या माळावर चिंकाऱ्यासमोर आय लेव्हल साधायला पालथं पडून, पायमोज्यांत ओंजळभर कुसळं घेऊन घरी कोण आलं? ‘सहज काढलाय’ म्हणत एकच सूर्यास्त सासुरवाडीपासून साडूपर्यंत कुणी धाडला? आणि निळी खूण उमटूनही कुणी काही बोलेना म्हणून दर दोन मिनिटांनी फोन कोण उघडत होतं? राहू द्या, लाजताय काय. बघू, दाखवा तुमचा. अरे वा! अप्रतिम! डीपीला ठेवण्यासारखा झालाय. फक्त त्या बाभळीच्या मागे डीपी आलीय, तेवढी कापा. आणि हो, आता माझा बघा. मोकळेपणाने सांगा हं, राग येणार नाही.