हळदीचा भाव, दहा दिवसांची भाषा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे दोन भाव निघाले, ९५०० आणि १४०००. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला ते चढत्या क्रमाने लावायला सांगा, आधी १४००० येईल. तिचा ‘सॉर्ट’ वेगळं बजावल्याशिवाय आकड्यांना अक्षरंच समजतो. १ हा ९च्या आधी, विषय संपला. अवतरणचिन्हांतल्या ५मध्ये १ मिळवला की ५१ होतात, त्याच ५मधून १ वजा केला की ४ उरतात. अडत्याने अशी पट्टी केली असती तर शेतकऱ्यांनी सौदे बंद पाडले असते.

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये या भाषेचा पहिला अवतार दहा दिवसांत उरकला. खोडी नंतर काढाव्यात, तर तोवर असंख्य वेबसाइटी त्यांच्याच भरवशावर उभ्या राहिलेल्या.

गुणही आहेत. वेगळं काही इन्स्टॉल न करता ती कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते. एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवता येतं. म्हणूनच साताऱ्याची पोरं ती शिकून नोकरीसाठी पुण्याची एसटी धरतात. तिथे मुलाखतीत प्रश्न मात्र याच खोडींवर. चुका भाषेच्या, मार्क कापले जातात उमेदवाराचे!