बिशपसाहेबांचं लाईट बिल

कल्याणशेजारच्या शहाड स्टेशनबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर परप्रांतीय शोधमोहीम अधूनमधून निघते. एरवी ती पाणीपुरीच्या गाडीपाशी थांबते. यंदा चर्चपर्यंत पोचली. "इथले की बाहेरचे, एकदा काय ते होऊन जाऊ द्या," आमच्या शोधसमितीच्या अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. कटिंग सांडला.

मग आम्ही रीतसर तपास केला. कल्याणच्या बिशपची नोंद थेट सहाव्या शतकातली निघाली. अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी लिहून गेलाय की, 'कल्लियाना' इथे बिशप आहे आणि तो पर्शियातून नेमून येतो. हे आपलंच कल्याण, असं अभ्यासक मानतात. म्हणजे साहेब परप्रांतीयच! टाळ्या पडल्या. पण अधिवासाच्या दाखल्याला 15 वर्षांचा रहिवास पुरतो आणि इथे हिशेब चौदाशेच्या वर जातो. मध्ये खंड पडलाय, कबूल. लाईट बिलही नाही.

पुढे 1988 मध्ये रोमने केरळातून पोटापाण्यासाठी आलेल्यांकरता कल्याणच्या नावाने सिरो-मलबार धर्मप्रांत काढला. बिशपांचं निवासस्थान मात्र पवईला. पत्ता कल्याणचा आणि दिवस पवईत, याहून अस्सल कल्याणकर कुठे मिळणार? या धर्मप्रांताच्या चर्चमधली प्रार्थना बहुतेक मल्याळममध्ये, त्यामुळे शेजारच्या मराठी माणसाला ओ की ठो कळत नाही. दोष चर्चचाही आहे. गल्लीशी त्याचं बोलणं व्हायचं ते शाळेच्या ॲडमिशनच्या दिवसांत. (समितीच्या एका सभासदाने ज्युनिअर केजीचा फॉर्म कधी मिळतो, हे मला बाजूला घेऊन विचारलं.)

2011 च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती 0.96 टक्के. एवढ्यांनी उरलेल्या 99 टक्क्यांची झोप उडवली, म्हणजे कर्तबगारी मोठीच. जून 2025 मध्ये आमदार गोपीचंद पडळकरांनी धर्मांतर करवणाऱ्या धर्मगुरूंना मारणाऱ्यांसाठी चक्क बक्षिसं जाहीर केली. तेव्हा कुठे, एरवी नाताळचा केक वाटून गप्प बसणारा हा समाज जुलैमध्ये आझाद मैदानावर उतरला. आमच्या मते जरा उशीरच झाला.

समितीचा निर्णय लांबणीवर पडलाय. अध्यक्ष शिमग्याला गावी, खेडला गेलेत. त्यांचे वडील इथल्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात नोकरी लागली म्हणून शहाडला आले होते.