पाकळ्यांचा ताळेबंद

‘इथे काहीही चुकत नसतं,’ असं मॅडमनी जाहीर केलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बँकेच्या तपासणी विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे वाक्य निदान मनःशांतीसाठी तरी ऐकवू नये. ‘आमच्याकडे काहीही चुकत नाही’ असं ज्या शाखेत हसतमुखाने सांगितलं जायचं, तिथला मुक्काम आम्ही लगेच वाढवून घ्यायचो.

हे घडलं आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, मंडला आर्टच्या कार्यशाळेत. निवृत्तीनंतर माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि हिने कार्यशाळेत नाव घातलं. गोळी स्वस्त पडली. फीमध्ये साहित्य धरलेलं होतं: जाड पांढरा कागद, पेन्सिल, कंपास, कोनमापक आणि 0.4चं काळं पेन. खोडरबर मुद्दामच दिलं नव्हतं. चुकतच नाही म्हटल्यावर खोडायचं काय?

मॅडमनी स्पीकरवर बासरी आणि झुळझुळ वाहणारा झरा लावला. कार्यशाळेला आलेल्यांपैकी निम्मे साठीच्या पुढचे. अशांपुढे सतत वाहत्या पाण्याचा आवाज लावू नये, एवढी एक सूचना मी नम्रपणे करू इच्छितो. पहिल्या अर्ध्या तासात ध्यान कुणाचं लागलं नाही, बाहेर रांग मात्र लागली.

रांगेतून माणसं परतेपर्यंत मॅडमनी कार्ल युंगची गोष्ट सांगितली. हे स्विस मनोवैज्ञानिक 1918-19 मध्ये रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळचित्र काढत आणि त्यात आपल्या मनाची त्या दिवशीची अवस्था पाहत. तेव्हा ते युद्धात नजरकैदेत ठेवलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या छावणीचे प्रमुख होते. हे ऐकताच आमच्या चेअरमनसाहेबांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. आठवड्यापूर्वीच त्यांनी पार्किंगचं फेरवाटप केलं होतं.

मग तिबेटी भिख्खूंचा विषय निघाला. कित्येक दिवस खपून ते रंगीत वाळूचं मंडल घालतात आणि पूर्ण झालं की झाडून गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात. कशातही जीव गुंतवू नये म्हणून. सगळे गंभीर झाले. त्याच गंभीर वातावरणात मॅडमनी लॅमिनेशनचे आणि फ्रेमचे दर सांगितले.

प्रत्यक्ष काम मात्र मला पहिल्या रेषेपासून आवडलं, कारण त्यात हिशेब होता. वर्तुळ काढायचं, कंपास तसाच ठेवून त्रिज्येएवढ्या अंतराने परिघावर खुणा करत जायचं. बरोबर सहाव्या पावलाला आपण जिथून निघालो तिथे पोचतो. प्रत्येक भाग दुभागला की बारा भाग, दर भागाला 30 अंश. बेरीज 360. आतून बाहेर एकेक वलय भरत जायचं. बारा पाकळ्या, बारा ठिपके, पुन्हा बारा पाकळ्या. एका घरात जे केलं तेच उरलेल्या अकरा घरांत करायचं, की त्या वलयाचं खातं बंद. इतक्या नेटक्या मांडणीची शाखा मला नोकरीत कधी तपासायला मिळाली नाही.

माझ्या शेजारी आयटीतले एक तरुण गृहस्थ दोन फोन उपडे ठेवून बसले होते. त्यांच्या पहिल्या वलयात मला तेरा पाकळ्या दिसल्या. मी पुन्हा मोजल्या. तेराच. लक्ष वळवायचा प्रयत्न केला, झऱ्याकडे कान दिले, तो मार्गही धोक्याचा निघाला. शेवटी मॅडमना खुणावलं. त्या म्हणाल्या, ‘‘काका, ही तर त्यांच्या मनातून उमललेली पाकळी आहे.’’

मनातून नव्हे, ढिल्या स्क्रूमधून. त्या गृहस्थांचा कंपास दर पावलाला थोडा मिटत होता. त्यामुळे सहा पावलं टाकूनही वर्तुळ पुरं झालं नाही, शेवटी फट उरली आणि त्या फटीत त्यांनी जास्तीची एक पाकळी सारून दिली. याला आमच्याकडे सस्पेन्स अकाउंट म्हणतात. मी हे समजावल्यावर ते निर्मळ मनाने म्हणाले, ‘‘आम्ही पण हेच करतो, आणि फीचर म्हणून देतो.’’

तसा मी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. सवयीने आदल्या रात्री कागदपत्रं तपासून ठेवली होती. 2005 मध्ये अमेरिकेत करी आणि कासर या दोघांनी कॉलेजच्या 84 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांची अस्वस्थता मोजली. मग आयुष्यातल्या सगळ्यात भीतीदायक अनुभवावर लिहायला लावून पोरांना रीतसर घाबरवलं आणि पुन्हा मोजली. त्यानंतर काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद, आणि परत मोजली. याला म्हणतात तपासणी! मंडल आणि चौकड्या, दोन्हींनी अस्वस्थता जवळपास सारखीच उतरली. कोऱ्या कागदाने उतरली नाही. 2012 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मंडल चौकड्यांच्या पुढे गेलं. पण पहिला निकाल वाचून मी अंथरुणात उठून बसलो होतो. आखलेल्या चौकटी भरत गेल्याने मन शांत होत असेल, तर लेजरची पानं वेगळी काय होती? म्हणजे नोकरीभर मी आर्ट थेरपीच घेत होतो आणि वर बँक मला पगार देत होती. हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणूनच बीपी निवृत्तीनंतर वाढलं. झोपा आता.’’

त्या प्रयोगांच्या कागदांत मला एक गोष्ट मात्र कुठे सापडली नव्हती: शेजारी बसलेली माणसं. बोलायचं नाही असा नियम होता, तो तिसऱ्या वलयाला मोडला. भाजीपासून सुरुवात झाली. मग सी विंगमधल्या काकू, लिफ्टमध्ये फक्त ‘कितवा?’ एवढंच विचारणाऱ्या, कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या की कॅनडातल्या मुलाने या वेळीही दिवाळीला येणार नाही असं कळवलंय. एरवी अशा वाक्यावर चार जण धीर द्यायला धावतात आणि बोलणाऱ्याला पस्तावायला लावतात. इथे सगळ्यांच्या माना खाली, हातातलं वलय अर्धवट. कुणीच धावलं नाही. चेअरमननी फक्त स्वतःचं पेन पुढे केलं, कारण काकूंचं अडखळत होतं. काकूंनी ते घेतलं आणि पुढची दोन घरं भरता भरता उरलेलंही सांगून टाकलं. सोसायटीच्या सभेत ही माणसं समोरासमोर बसतात आणि एकमेकांकडे बघून भांडतात. सभेला कंपास वाटावेत, असा ठराव मी मांडणार आहे. स्क्रू तपासून.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला. ‘तुमचा ताण किती कमी झाला? 1 ते 10 मध्ये गुण द्या.’ मी हात वर केला. सुरुवातीला ताण मोजलाच नव्हता, मग कमी किती झाला हे काढायचं कशातून? आरंभीची शिल्लक कुठाय? मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘काका, जे वाटतंय ते लिहा.’’ वाटतंय ते लिहायची मला सवय नाही. मी ‘आरंभीची शिल्लक उपलब्ध नाही, अभिप्राय राखीव’ असं लिहून खाली सही केली, तारीख घातली आणि सवयीने शेजारच्या फॉर्मवर नजर टाकली. त्या गृहस्थांनी दहापैकी तेरा दिले होते.